तिसऱ्या शिडीपाशी

सिद्धाराम बिराजदार याला त्याच्या गल्लीत अजून सगळे वायरमनच म्हणत, पण खांबावर चढून त्याला कैक वर्षं झाली होती. ऐन पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी लाइन दुरुस्त करताना शिडीच्या वरच्या दांड्यावरून त्याचा पाय निसटला आणि तो थेट खालच्या मुरमावर आला. खुबा मोडला. दवाखान्यात सळई घातली, आणि काही महिन्यांनी तो पूर्वीसारखा चालायलाही लागला. साहेबांनी समजूतदारपणा दाखवून त्याला सबस्टेशनात बसवलं. तेव्हापासून त्याचं काम म्हणजे मीटरवर नजर ठेवायची, लाइन बंद-चालू करायची आणि ‘लाइट कधी येणार हो?’ म्हणून ओरडणाऱ्यांची बोलणी फोनवर ऐकून घ्यायची. माणूस मुळातच शांत. समोरचा कितीही तापला तरी हा म्हणायचा, “येतंय की साहेब, माणसं पाठवल्यात.”

परत खांबावर का जात नाहीस, असं कुणी विचारलं की तो कमरेवर हात ठेवायचा. कंबर धरते म्हणायचा. कंबर चांगली ठणठणीत होती. पण शिडी नुसती दिसली तरी त्याच्या तळहातांना घाम फुटायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दांड्यावर पाय ठेवला की खालची जमीन आपल्याला ओढून घेतेय असं वाटायचं. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, पोरीला तर नव्हतंच. ठाऊक होतं ते एकट्या लालसाबला. लालसाब त्याचा जुना जोडीदार. तो पडला तेव्हा खाली तोच उभा होता, आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेणाराही तोच.

घरात माणसं तीन. बायको शिवलीला कडक भाकऱ्या करून विकायची. दिवसभर चुलीपुढं बसून तिचे गुडघे कामातून गेले होते, पण भाकरी अशी पातळ आणि कुरकुरीत, की लग्नसराईत तिला दम खायला फुरसत मिळायची नाही. आणि मुलगी आरोही, अकरावीत शिकणारी.

आरोही सहावीत असताना एकाएकी वाळायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची आणि वर्गात बसल्या बसल्या झोपायची. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, जन्मभर बाहेरून टोचावं लागेल. शिवलीला भिंतीला टेकून रडत बसली. सिद्धारामनं नर्सकडून सुई मागून घेतली आणि आधी स्वतःच्या पोटात टोचून बघितली. पोरीला नेमकं किती दुखणार हे त्याला कळायला हवं होतं. तेव्हापासून तिच्या जेवणाच्या वेळा, तिची सुई, बोट टोचून मशीनवर साखर बघणं, हे सगळं त्यानं अंगावर घेतलं. आता आरोही सगळं स्वतःचं स्वतः करत होती. पण साखर फार वाढण्यापेक्षा एकदम उतरणं वाईट, हे त्याच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं, की पोरगी नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त गप्प राहिली तरी तो विचारायचा, “आरोही, बरं वाटतंय ना?”

“अप्पा, मी अभ्यास करतेय,” ती वैतागून म्हणायची.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एके दिवशी ती कॉलेजातून आली ती चप्पलही न काढता दारातच बोलायला लागली.

“अप्पा, नाताळच्या सुट्टीत आमच्या कॉलेजची मुलं कळसूबाईला जाणार आहेत. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर! मी नाव दिलंय.”

“नाव दिलंस?” शिवलीला स्वयंपाकघरातून म्हणाली. “आणि मग आमाला सांगायला आलीस व्हय?”

“अगं अव्वा, नाव देऊन उपयोग नाही. प्राचार्य म्हणाले, तुझं असं आहे, तर घरचं कुणीतरी सोबत पाहिजे. नाहीतर नाही नेणार.”

हे म्हणताना तिचा चेहरा उतरला. शाळेची सहल असो की स्नेहसंमेलनातला नाच, आजवर प्रत्येक गोष्ट याच ‘तुझं असं आहे’पाशी येऊन अडायची. सिद्धारामला तो चेहरा पुरता ओळखीचा होता. शिवलीलाच्या गुडघ्यांना तर डोंगर झेपणारच नव्हता.

“मी येतो की,” तो म्हणाला.

आरोहीनं दारातूनच उडी मारली. सिद्धाराम हसला. डोंगर म्हणजे चालायचं, आणि चालायला तो भीत नव्हता.

चार दिवसांनी पालकांची बैठक झाली. मुलांना घेऊन जाणार होत्या त्या महेजबीन मॅडम, खेळाच्या शिक्षिका. पायात कायम बूट, ओढणी डोक्याभोवती घट्ट बांधलेली, आणि आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. त्यांनी सगळं नीट सांगितलं. बूट कसे हवेत, पाणी किती घ्यायचं, पहिल्या दिवशी पायथ्याच्या बारी गावात एका घरी मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चढायला सुरुवात. मग म्हणाल्या, “वाट चांगली आहे. अवघड कातळ आहेत तिथं शिड्या लावलेल्या आहेत, त्यामुळे काळजी नको,” आणि त्यांनी भिंतीवर मागच्या वर्षीचं चित्रीकरण लावलं.

काळ्या कातळाला टेकवलेली लोखंडी शिडी. जवळजवळ उभीच. एक मुलगा हसत हसत वर चालला होता आणि चित्रीकरण करणाऱ्यानं मध्येच मोबाइल खाली वळवला. खाली शेतं, घरं, पार तळाशी दोऱ्यासारखा रस्ता.

सिद्धारामनं खुर्चीची कड घट्ट धरली. शेजारी बसलेली आरोही कुजबुजली, “भारी आहे ना अप्पा?”

“हां,” तो म्हणाला. “भारी हाय.”

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस अगदी उत्साहानं तयारीला लागलाय. त्यानं नव्या पेठेतून दोघांना बूट आणले आणि ते पायाला बसावेत म्हणून तो घरात, अंगणात, ड्यूटीवर बूट घालूनच फिरायला लागला. शिवलीला म्हणाली, “झोपताना तरी काढा.” पहाटे उठून बापलेक रेल्वेच्या पुलाचे जिने चढायला-उतरायला जायचे, कारण सोलापूर असं सपाट गाव, की चढ शोधायलाच हिंडावं लागतं. सिद्धारामनं डॉक्टरांना गाठून विचारलं, एवढं चालल्यावर इन्सुलिनचं काय करायचं, मध्ये खायला काय द्यायचं, थंडीत मशीन चुकीचं दाखवतं का. डॉक्टरांनी चढायचं त्या दिवशी इन्सुलिन कमी करायला सांगितलं, दर थोड्या वेळानं काहीतरी खायला सांगितलं, आणि ग्लुकोजची पावडर सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितली. हे सगळं तो करत होता, आणि एकेक गोष्ट पुरी झाली की मनात तेच यायचं. हे सगळं पाठीवर घेऊन मी त्या शिडीपर्यंत जाणार. आणि पुढं?

एका रविवारी दोघं तुळजापूरचा घाट चालायला गेली. एसटीतून घाटाच्या पायथ्याशी उतरली आणि रस्त्याच्या कडेनं चढायला लागली. आरोही पुढं, तो मागं. निम्म्यावर आल्यावर ती एकदम चिडली. “किती हळू चालता अप्पा!” म्हणाली. मग काही पावलांनी परत तेच म्हणाली, पण शब्द जड निघाले, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखे. सिद्धारामनं तिचा दंड धरला. कपाळ गार, ओलं.

“बस खाली.”

“मला काय झालं नाही.”

“बस म्हनतो ना!”

तो असा कधी ओरडत नसे. ती कठड्यावर बसली. त्यानं पाण्यात ग्लुकोज ढवळून बाटली तिच्या तोंडाला लावली. गाड्या पों-पों करत जवळून जात होत्या आणि तो तिच्या डोळ्यांकडं बघत नुसता बसून होता. थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं स्वतःच मशीन काढून बोट टोचलं, आकडा बघितला आणि जीभ चावली.

“सॉरी अप्पा. सकाळी सुई नेहमीएवढीच घेतली. कमी करायची विसरले.”

“आसू दे. होतं.”

“अव्वाला सांगू नका हां. ती नाही म्हणेल.” मग ती त्याच्या खांद्याला डोकं टेकून म्हणाली, “आणि वर असं झालं तरी तुम्ही असालच की.”

एसटीतून परत येताना सगळी वाट सिद्धाराम खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवर असताना त्यानं लालसाबला हाक मारली. सबस्टेशनच्या मागच्या आवारात भिंतीला एक शिडी टेकवलेली असायची. “जरा धर,” सिद्धाराम म्हणाला.

लालसाबनं त्याच्याकडं बघितलं, बिडी विझवली आणि काही न विचारता शिडी दोन्ही हातांनी धरली. सिद्धाराम चढला. एक दांडा. दुसरा. तिसऱ्यावर छातीत धडधड सुरू झाली. चौथ्यावर त्यानं पाय ठेवला मात्र, आणि हात शिडीला असे चिकटले की सुटेनात. वर जाता येईना, खाली येता येईना. घशातून विचित्रच आवाज निघाला.

“अरे, मी हाय ना खाली,” लालसाब म्हणाला. त्यानं सिद्धारामच्या घोट्याला हात लावला. “हा पाय सोड. हां. माझ्या हातावर ठेव. बस, बस.”

जमिनीवर आल्यावर सिद्धाराम भिंतीला टेकून खाली बसला. शर्ट पाठीला चिकटला होता.

“कायकू करता रे ये सब?” लालसाब शेजारी बसत म्हणाला. “कंबर दुखती म्हनून सांग, आन घरी ऱ्हा.”

सिद्धारामनं त्याला कळसूबाईचं सगळं सांगितलं. घाटात काय झालं तेही सांगितलं. लालसाबनं दाढी खाजवली.

“मग मॅडमला सांगून टाक.”

“सांगितलं तर पोरीचं नाव काडतील की! माझ्या भरवशावर घेतलंय तिला.”

“आन न्हाई सांगितलं तर? तू खाली आन बच्ची वर. तितं तिच्याजवळ कोन?”

तेच तर सिद्धाराम इतके दिवस स्वतःला विचारत होता. पुढचे काही दिवस जेवणाकडं त्याचं लक्ष लागेना. फोन वाजला तरी दोनदा वाजल्यावर त्याला कळायचं. घरी आरोही नवी पाठपिशवी घालून आरशासमोर उभी राहायची, मैत्रीण पायलशी फोनवर तासभर बोलायची. कोण काय घालणार, वर गेल्यावर फोटो कसा काढायचा. तिचं हसणं ऐकलं की त्याचा धीर आणखीच सुटायचा. एकदा वाटे, सांगू. लगेच वाटे, ऐनवेळी जमेलही. पण ‘जमेलही’वर पोरीचा जीव टांगायचा, हे काही त्याच्या मनाला पटेना.

शेवटी एका सकाळी तो कॉलेजच्या मैदानावर गेला. महेजबीन मॅडम मुलांना धावायला लावून कडेला उभ्या होत्या.

“मॅडम, एक बोलायचं होतं.” आणि मग त्यानं इकडंतिकडं न बघता सांगून टाकलं. “मी मागं शिडीवरनं पडलोय. तवापासून मला शिडी चढता येत न्हाई. मी करून बघितलं. चौथ्या दांड्यावर हातपाय गळतात. मी तिच्यासोबत वरपर्यंत येईन असं तुमाला वाटत असंल, तर ते खरं न्हाई.”

मॅडमनी शिट्टी बोटात फिरवली. सिद्धारामला वाटलं, संपलं.

“हे कॉलेजात आणखी कुणाला सांगितलंत?”

“न्हाई.”

“प्राचार्यांशी मी बोलते. पालक सोबत आहेत, ते खरंच आहे. पण मग त्या शिड्यांच्या वर तिच्याजवळ जो असेल, त्याला सगळं आलं पाहिजे. मला शिकवा. आणि मी एकटी पुरणार नाही, माझ्यामागं पंधरा-वीस मुलं असतात. तिच्याबरोबर सतत असणारी एक मुलगी हवी.”

“पायल हाय तिची मैत्रीण. पन मॅडम, तिला हे ठाऊक न्हाई. आरोही वर्गात कुनालाच सांगत न्हाई. सुई घ्यायची तर बाथरूममधी जाऊन घेती.”

“मग आधी आरोहीला विचारा,” मॅडम म्हणाल्या. “तिच्या पाठीमागं नको.”

खांद्यावरचं एक ओझं उतरलं आणि दुसरं बसलं, असं त्याचं झालं. घरी आला तेव्हा शिवलीला भाकऱ्या थापत होती आणि आरोही वाळलेल्या भाकऱ्यांच्या चवडी लावत होती. तो चुलीशेजारी पाटावर बसला. बोलायला सुरुवात कुठून करायची हे त्यानं रस्ताभर ठरवलं होतं, ते सगळं विसरून गेला आणि शेवटचंच आधी बोलला.

“आरोही, पायलला तुझ्या सुईचं सांगाया लागतंय.”

तिचा हात थांबला. “काय? का?”

“वर तिच्याजवळ सगळं पाहिजे. मशीन, ग्लुकोज.”

“तुम्ही असणार आहात ना! तिला कशाला? उद्या सगळ्या वर्गाला कळेल. मग मला बघून गप्प होतील सगळे, डब्यातलं गोड लपवतील. माहीतय मला, शाळेत झालंय ते!” तिचे डोळे भरून आले. “माझं आहे ते. मी सांगायचं का नाही, ते मी ठरवणार.”

“खरं हाय तुझं,” सिद्धाराम म्हणाला. “पन मी नसनार तितं.”

शिवलीलानं थापता थापता मान वर केली. मग त्यानं दोघींना सांगितलं. शिडीचं, घामाचं, सबस्टेशनच्या मागं लालसाबनं घोटा धरून कसं उतरवलं त्याचं. सांगताना तो तव्याकडंच बघत होता. तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उलटली नाही.

“म्हंजे कंबर...” शिवलीला म्हणाली.

“कंबर बरी हाय.”

“तरी मी म्हनते, गुडघे धरत असून शिडीनं चढून गच्चीवरची टाकी धुवायचं दरवेळी माझ्याच वाट्याला कसं येतं!” तिला हसावं की रागवावं कळेना, म्हणून तिनं करपलेली भाकरी उचलून बाजूला टाकली.

आरोही उठून आत गेली. सिद्धारामला वाटलं, आता ही कळसूबाईला यायचंच नाही म्हणणार. संध्याकाळपर्यंत तिनं दार उघडलं नाही. दिवेलागणीला बाहेर आली ती त्याच्याजवळ येऊन बसली.

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलं अप्पा?”

“तू पायलला का न्हाई सांगितलंस?”

ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, “उद्या बोलावते तिला घरी. पण मी सांगणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

पायल आली, तेव्हा सिद्धाराम खरंच मध्ये बोलला नाही. पडद्याआडून ऐकत मात्र होता. पायलनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मग मागच्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला तू केक खाल्लास तो कसा?” आरोही हसायला लागली. थोड्या वेळानं पायल स्वतःच्या बोटात सुई टोचून घेऊन “आई गं!” म्हणून ओरडली. पडद्याआड सिद्धारामनं इतक्या दिवसांनी मोकळा श्वास सोडला. मॅडमही एका संध्याकाळी येऊन शिकून गेल्या. घाम, थरथर, चिडचिड, अडखळणारं बोलणं, ही लक्षणं त्यानं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, हेही बजावलं. “बिराजदार, चौथ्यांदा सांगताय,” मॅडम म्हणाल्या, तेव्हा कुठं तो थांबला.

निघायच्या दिवशी बस उजाडता उजाडता सुटली. मुलं करमाळ्यापर्यंत गाणी म्हणत होती, मग एकेक करून झोपली. सिद्धाराम जागा होता. नगर मागं पडलं, संगमनेर गेलं, आणि दुपार कलताना अकोले गावाच्या पुढं डोंगर दिसायला लागले. त्यानं आयुष्यात एवढे डोंगर एकत्र बघितले नव्हते. बारी गावात उतरल्यावर कुणीतरी बोट दाखवलं, “ते बघा, ते वरचं टोक!” सिद्धारामनं एकदा वर बघितलं आणि लगेच खाली मान घालून पिशव्या मोजायला लागला.

सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. आरोहीनं मॅडमसमोरच साखर बघितली, सुई कमी करून घेतली, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. पायल मात्र उत्साहाच्या भरात चहावरच निघाली. शेतांतून, मग झाडीतून वाट वर चढत गेली. सिद्धाराम दमानं पण न थांबता चालत होता. बूट पायाला चांगले बसले होते. पहिली शिडी आली ती बुटकी, कलती. त्यानं नजर फक्त आपल्या हातांवर ठेवली आणि चढून गेला. वर पोचल्यावर आरोहीनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या शिडीला वेळ लागला. मागून मॅडम “चला, आणखी एक, आणखी एक” म्हणत राहिल्या. वर गेला आणि तिथंच मटकन बसला. पण गेला होता. त्याला क्षणभर वाटलं, कदाचित होईल सगळं.

आणि मग तिसरी शिडी दिसली. भिंतीवर बघितली होती तीच. उंच, आणि एका अंगाला मोकळी दरी.

त्यानं कठड्याला हात लावला. लोखंड बर्फासारखं गार होतं. त्यानं एक पाय वर ठेवला, काढून घेतला आणि मागं सरकला.

“माझं हितंच,” तो म्हणाला. “तुमी व्हा पुढं.”

आरोही त्याच्याकडं बघत उभी राहिली. त्यानं पाठपिशवीतून ग्लुकोजची डबी, मशीन, लाडवांची पिशवी काढून पायलच्या हातात दिली. पायलनं ते सगळं आपल्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. आरोही शिडीला लागली. त्याला वर बघवेना, आणि बघितल्याशिवायही राहवेना. तिचे बूट कातळाच्या कडेमागं दिसेनासे झाले तेव्हा तो खाली बसला.

शिडीखाली एका बाईनं लिंबू सरबताचं दुकान मांडलं होतं. तिनं विचारलं, “नाय जमत का दादा?”

“न्हाई जमत.”

“बसा मग. लई जण बसतात इथं.”

मोबाइलला रेंज नव्हती. ऊन वर आलं. वरून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं तो बघायचा. आता पोचली असतील, आता खाल्लं असेल तिनं काहीतरी, आता साखर बघितली असेल. मनातल्या मनात तो तिच्यासोबत एकेक पाऊल चालत होता. इतक्यात वरून चार तरुण उतरले. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, “ती सोलापूरची पोरं ना रे? त्यांच्यातल्या एका मुलीला चक्कर आली. पांढरीफटक पडलीय पार.”

सिद्धारामनं त्याचा हात धरला. “कोन मुलगी? कशी दिसत होती?”

“काय माहीत काका, लांबून बघितलं. वरच्या विहिरीपाशी निजवलंय.”

तो उठला आणि शिडीला भिडला. एक दांडा. दुसरा. ‘आरोही, आरोही’ म्हणत त्यानं तिसऱ्यासाठी पाय उचलला. वारा आला आणि शिडी हलल्यासारखी वाटली. डोळ्यांपुढं अंधार आला. त्यानं पुन्हा पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलेना. वर पोरगी पडलीय, तो स्वतःला सांगत होता, वर पोरगी पडलीय. पाय तरीही उचलेना. सरबतवाल्या बाईनं धावत येऊन त्याच्या पाठीला हात दिला आणि त्याला खाली घेतलं. तो कातळाला डोकं टेकून बसला. आयुष्यात त्याला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग वरून महेजबीन मॅडमचा तो मैदानावरचा आवाज आला. “हळू! एक एक जण!” पहिल्यांदा एक मुलगा उतरला. मग दोन लाल बूट दिसले. आरोहीचे. ती भराभर उतरली, शेवटच्या दांड्यावरून उडी मारून त्याच्याजवळ आली.

“अप्पा! मी वर जाऊन आले! देवीच्या पाया पडले, सगळं दिसतं वरून, सगळं!”

त्यानं तिचं कपाळ चाचपलं. उबदार होतं. “चक्कर आली होती ना तुला?”

“मला? मला नाही, पायलला! काही खाल्लंच नव्हतं वेडीनं. मीच तिला ग्लुकोज दिलं, पाय वर करून निजवलं. मॅडम तर माझंच नाव घेऊन ओरडत पळत आल्या. तिला बरं वाटल्यावर मग गेलो वर.”

मागून मॅडमनं धरून आणलेली पायल ओशाळं हसत उतरली. सिद्धारामनं तिला सरबत घेऊन दिलं, आरोहीनं सगळ्या मुलांसमोर दगडावर बसून बोट टोचलं, आकडा बघितला आणि अर्धा लाडू खाल्ला. कुणीतरी विचारलं, “हे काय गं?” तिनं खातखातच सांगितलं.

खालच्या दोन शिड्या उतरताना मॅडम त्याच्या खाली राहिल्या आणि पाय कुठं ठेवायचा ते सांगत गेल्या. झाडीत आल्यावर बापलेक जरा मागं राहिली.

“आरोही,” तो म्हणाला, “मला वाटलं तूच पडलीस. तरी मला येता आलं न्हाई. दुसऱ्या दांड्यावरनं परत आलो.”

ती चालता चालता थांबली. तिनं त्याचा हात धरला. “तुम्ही तसं आला असता आणि पडला असता, तर मी काय केलं असतं अप्पा?”

त्याचं समाधान झालं नाही. तरी बारी गाव दिसेपर्यंत त्यानं तिचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं घरी पोचली तेव्हा शिवलीला दारातच होती. “गेलात का वर?” तिनं नवऱ्याला विचारलं. आरोहीनं बापाकडं बघितलं.

“ही गेली,” सिद्धाराम म्हणाला. “मी अर्ध्यात बसलो.” आणि ओट्यावर बसून, बुटाच्या नाड्या सोडता सोडता, त्यानं तिला सगळं सांगितलं. चक्कर आलेल्या मुलीचं आणि दुसऱ्या दांड्याचंही. शिवलीलानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

“पोरगी धड आली ना?” ती शेवटी म्हणाली.

“आली.”

“मग उठा. पानी तापलंय, आंघोळ करून घ्या.”

तो उठला. पण न्हाणीकडं जाण्याआधी थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहिला. आत आरोही फोनवर कुणालातरी सांगत होती, सुई कशी घ्यायची असते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.